मालिकेचं कॉन्ट्रॅक्ट, थकलेले पैसे आणि निर्मात्याची नोटीस : नाशिकच्या कलाकारांचे नेहमीचे प्रश्न

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात मी वकिली करते. त्याआधी काही वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली, बहुतेक प. सा. नाट्यगृहाच्या रंगमंचावर. त्यामुळे मालिकेत लागलेली नाशिकची मुलं-मुली अडचणीत आली की कोणाच्या तरी ओळखीने माझ्याकडे येतात. येताना मोबाइल असतो, कागद नसतो. आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "मॅडम, मला भांडायचं नाहीये, फक्त विचारायचं होतं." हक्काचे पैसे मागणं म्हणजे भांडण, असं या मुलांच्या मनात कुठून बसतं कोण जाणे, पण मला त्याचं फार वाईट वाटतं. त्यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

नोटीस आली आहे. म्हणजे माझ्यावर केस झाली का?

नाही. नोटीस हे समोरच्याच्या वकिलाने लिहिलेलं पत्र आहे. कोर्टाचा त्याच्याशी अजून काही संबंध आलेला नसतो. कोर्टाकडून येतं ते समन्स, आणि ते वेगळं दिसतं. त्यावर न्यायालयाचा शिक्का, दाव्याचा नंबर आणि तारीख असते.

सातपूरहून एक आई मुलीच्या नावाचं पाकीट न फोडताच घेऊन आल्या होत्या. दोन रात्री ते देवघरात ठेवलं होतं. आत दीड पानाचं पत्र होतं, मुलीने आठ दिवसांत सेटवर हजर व्हावं, एवढंच. पाकीट आलं की फोडा, तारीख टाका आणि मुदतीत लेखी उत्तर द्या. फोनवर मात्र उत्तर देऊ नका. रागात किंवा घाबरून बोललेलं पुढे आपल्याच अंगाशी येतं, आणि "मी चुकलो, सॉरी" हा मेसेज दाव्याला जोडलेला मी पाहिला आहे.

माझं भांडण नेमकं कोणाशी असतं, चॅनलशी की निर्मात्याशी?

बहुतेक वेळा निर्मिती संस्थेशी. चॅनल निर्मिती संस्थेला काम देतं आणि संस्था तुम्हाला घेते, त्यामुळे तुमचा करार संस्थेशी असतो. काही मोठ्या भूमिकांसाठी चॅनलही करारात सही करतं. कॉन्ट्रॅक्टच्या पहिल्या पानावरचं नाव आणि बँकेत पैसे ज्या नावाने जमा होतात ते नाव, ही दोन्ही जुळवून बघा. जुळत नसतील तर आधी तेच विचारा, कारण नोटीस चुकीच्या नावाने गेली की महिने फुकट जातात.

मालिका मध्येच सोडली तर कोर्ट मला परत सेटवर पाठवू शकतं का?

नाही पाठवू शकत. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याच्या अर्ध्याच उत्तरावर लोक उड्या मारतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जे काम माणसाच्या अंगच्या कौशल्यावर अवलंबून आहे, ते त्याच्याकडून जबरदस्तीने करून घेता येत नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ मध्ये तसं स्पष्ट आहे. कोणाला बळंच रडायला, हसायला लावून सीन होणार नाही, हे कायद्यालाही कळतं.

आता उरलेलं अर्धं. मालिकेच्या करारात एक ओळ जवळजवळ नेहमी असते : कराराच्या काळात कलाकार दुसऱ्या कोणत्याही मालिकेत काम करणार नाही. या ओळीच्या आधारे निर्माता मनाई हुकूम मागू शकतो. याचं मूळ १८५२ सालच्या इंग्लंडमधल्या एका खटल्यात आहे. योहाना वॅग्नर या ऑपेरा गायिकेने एका नाट्यगृहाशी करार केला आणि जास्त पैशांसाठी दुसरीकडे गायचं ठरवलं. कोर्टाने सांगितलं, आम्ही तिला तुमच्याकडे गायला लावू शकत नाही, पण तिथे गाण्यापासून थांबवू शकतो. हेच तत्त्व आपल्या १९६३ च्या कायद्यात कलम ४२ म्हणून आलं आहे. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कापड-धागा कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात करार चालू असतानाची अशी बंधनं साधारणपणे वैध मानली.

म्हणजे तुम्हाला सेटवर ओढून नेणार नाहीत, पण घरी बसवू शकतात. माझ्या अनुभवात कलाकाराला हे घरी बसणंच सगळ्यात महाग पडतं. दंड एकदा भरून सुटता येतं. वर्षभर पडद्यावर न दिसलेला चेहरा मात्र कास्टिंगवाल्यांच्या यादीतून हळूच खाली जातो.

करार संपल्यावर चित्र पालटतं. करार कायदा, १८७२ चं कलम २७ म्हणतं की कोणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपुरता शून्य, म्हणजे रद्दबातल, आहे. क्रिकेटपटू झहीर खान आणि त्यांची मॅनेजमेंट कंपनी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये याच कलमावर बोट ठेवलं. करार संपल्यानंतरही "आधी आम्हाला विचार" अशी अट त्या कंपनीला हवी होती, ती टिकली नाही. त्यामुळे तुमच्या कागदावर "मालिका संपल्यावर सहा महिने दुसऱ्या चॅनलवर दिसायचं नाही" असं लिहिलं असेल, तर घाबरून हातातलं काम सोडू नका. आधी कोणाला तरी कागद दाखवा.

"तुला इंडस्ट्रीत कुठेच काम मिळू देणार नाही," असं म्हणाले. खरंच बंदी घालू शकतात?

धमकी देऊ शकतात. कायदेशीर बंदी कोणीही घालू शकत नाही.

पश्चिम बंगालमध्ये 'महाभारत' ही हिंदी मालिका बंगालीत डब करून दाखवायला तिथल्या कलाकार-तंत्रज्ञांच्या संघटनांनी विरोध केला होता आणि चॅनलवर बहिष्काराचा दबाव आणला होता. ते प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगाकडून (बाजारातल्या अडवणुकीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मार्च २०१७ च्या निकालाचा अर्थ असा, की संघटनेचं नाव लावलं म्हणून एकजुटीने बाजार अडवण्याचा अधिकार मिळत नाही. संघटना निर्मात्यांची असो की कलाकारांची, तर्क तोच लागतो.

शिल्पा शिंदे यांनी २०१६ मध्ये 'भाभीजी घर पर हैं' सोडली, तेव्हा निर्मात्यांची नोटीस, संघटनेकडे तक्रारी, बंदीची चर्चा, सगळं पेपरांत रंगलं होतं. त्यांच्या जागी शुभांगी अत्रे आल्या. आणि जानेवारी २०१८ मध्ये शिल्पा शिंदे यांनी 'बिग बॉस'चं अकरावं पर्व जिंकलं. मधली दोन वर्षं सोपी नव्हती हे उघड आहे, पण "कुठेच काम मिळणार नाही" हे खरं ठरलं नाही.

कॉन्ट्रॅक्टमध्ये "मध्येच सोडल्यास ५० लाख रुपये" असं लिहिलं आहे. भरावे लागतील?

तेवढेच्या तेवढे, आपोआप, नाही. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे. त्याच्या आत जी भरपाई वाजवी असेल ती मिळते, आणि नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे पुन्हा नीट मांडलं आहे.

निर्मात्याला दाखवता येण्यासारखं नुकसान असतं, हेही मान्य करा. वाया गेलेले शूटिंगचे दिवस, सेटचं भाडं, पुन्हा शूट करावे लागलेले सीन, घाईत आणलेल्या नव्या कलाकाराचा जादा दर, हे सगळं खरं असतं. तुम्ही महिनाभर आधी लेखी कळवून, चालू ट्रॅक (आपल्या भूमिकेचं सुरू असलेलं कथानक) पूर्ण करून बाहेर पडलात तर यातलं फार थोडं उरतं. सकाळी सातचा कॉल असताना फोन बंद करून बसलात तर मात्र मी तुमची बाजू कितीही जोरात मांडली तरी न्यायाधीश त्या सकाळबद्दलच विचारणार.

माझे पैसे अडकले आहेत. किती थांबायचं आणि काय करायचं?

मालिकांमध्ये काम केल्यावर तीन महिन्यांनी पैसे हातात पडतात, ही या धंद्याची जुनी रीत आहे. नव्वद दिवस थांबणं करारातच लिहिलेलं असतं. एक्क्याण्णवाव्या दिवसापासून ती थकबाकी आहे. त्या दिवशी एक साधा, नम्र ई-मेल टाका : अमुक महिन्याचे इतके दिवस, इतका पर डे (दिवसाचा दर), इतकी रक्कम येणं आहे. व्हॉट्सअॅपवर "दादा, बघा ना जरा" एवढंच लिहून चालत नाही, कारण त्यात आकडाच नसतो.

पैशाच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं. मुदत चालू असताना समोरच्याने सहीनिशी लेखी "एवढे देणं आहे" असं मान्य केलं, तर तिथून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून त्यांच्या अकाउंट्स विभागाचे ई-मेल कधीही डिलीट करू नका.

एक गोष्ट जवळजवळ कोणाला माहीत नसते. तुमच्या मानधनातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून भरलेला आयकर, कापला जातो. आयकराच्या पोर्टलवर आपला २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा तक्ता) उघडून बघा. पैसे तुमच्या खात्यात आलेले नाहीत, पण त्या महिन्याचा टीडीएस तिथे दिसतो आहे, असं अनेकदा होतं. याचा अर्थ निर्मात्याने स्वतःच्या हिशोबात ती रक्कम तुमच्या नावावर टाकली आहे. "एवढं काम झालंच नाही" असं तो नंतर म्हणाला, तर हा एक कागद त्याला पुरतो.

आणि वही. पंचवटी कारंजाजवळ राहणाऱ्या माझ्या एका अशिलाची वही मी अजून विसरलेले नाही. दोनशे पानी, वर खाकी कव्हर, शाळेत घालतात तसं. मालिकेत ती नणंदेच्या भूमिकेत होती. रोज रात्री गाडीत बसल्यावर ती चार ओळी लिहायची : तारीख, कॉल टाइम, मेकअपला कधी बसली, पॅकअप किती वाजता, कोणकोणते सीन. एका पानावर फाउंडेशनच्या बोटाचा ठसा उमटला होता, दुसऱ्यावर पावसात भिजून शाई पसरली होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे काम ६४ दिवसांचं. निर्मिती संस्थेच्या हिशोबात ४१ दिवस. समोरासमोर बसलो तेव्हा त्यांच्या अकाउंटंटने वही हातात घेतली, दहा-बारा पानं उलटली, स्वतःच्या लॅपटॉपमधल्या कॉलशीटशी (कोणाला कधी बोलावलं त्याची रोजची यादी) ताडून पाहिली आणि काही न बोलता बाहेर फोन करायला गेले. ६१ दिवसांचे पैसे मिळाले. उरलेले तीन दिवस तिने थांबून काढले होते, कॅमेऱ्यासमोर गेली नव्हती, आणि त्या दिवसांबद्दल करारात काहीच लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, "थांबवून ठेवलेला दिवस धरणार की नाही, हे आधी लिहून घ्या."

कोर्टाआधीची पायरी म्हणजे संघटना. सिंटा म्हणजे सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन सभासदांच्या थकबाकीच्या तक्रारी घेते आणि निर्मात्यांच्या संघटनेमार्फत बैठक लावते. त्यासाठी आधी सभासद असावं लागतं. आमच्याकडची बरीच मुलं "पुढच्या मालिकेच्या वेळी कार्ड काढू" म्हणत राहून जातात. काढून ठेवा. त्याने भागलं नाही तर वकिलाची नोटीस, मग दावा. करार लेखी असेल आणि रक्कम ठरलेली असेल तर समरी सूटचा मार्ग आहे. त्यात प्रतिवादीला बचाव मांडायला आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, त्यामुळे वेळ वाचतो. वाद तीन लाखांच्या वरचा आणि व्यापारी स्वरूपाचा ठरला, तर दाव्याआधी मध्यस्थीला जावं लागतं. याला अडथळा समजू नका. थकबाकीची बरीच भांडणं त्या खोलीतच मिटतात.

शैलेश लोढा यांना पैसे मिळाले, तो रस्ता आपल्याला आहे का?

बहुतेकांना नाही. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' सोडल्यावर लोढा यांनी थकलेल्या मानधनासाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे दिवाळखोरी कायद्याखाली, अर्ज केला. २०२३ मध्ये तडजोड झाली आणि त्यांना १ कोटी ५ लाख ८४ हजार रुपयांचा डिमांड ड्राफ्ट मिळाला. कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होण्याची भीती मोठी असते, म्हणून हा मार्ग जोरकस आहे. पण मार्च २०२० पासून त्याची किमान थकबाकी एक कोटी रुपये केली गेली. त्याआधी ती एक लाख होती. पर डे चार-पाच हजारांवर काम करणाऱ्या मुलासाठी ते दार तेव्हाच बंद झालं. लोढांच्या बातमीची लिंक पाठवून "आपणही असंच करू" म्हणणाऱ्यांना हे सांगताना मला दर वेळी जड जातं.

दावा नाशिकमध्ये लावता येतो का? दर तारखेला मुंबईला जाणं परवडत नाही.

कायद्याने पाहिलं तर प्रतिवादी जिथे आहे किंवा वादाचं कारण जिथे पूर्णतः वा अंशतः घडलं, तिथे दावा लागतो. करार नाशिकला झाला असेल, शूटिंग इथे झालं असेल, तर नाशिकचं कोर्ट चालू शकतं. पण करारात शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर "फक्त मुंबईतील न्यायालयांना अधिकार राहील" असं लिहिलेलं असतं, आणि मुंबईशी व्यवहाराचा खरा संबंध असेल तर ती ओळ टिकते. पहाटे उठून नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस पकडायची, कसारा घाट उतरून मुंबई गाठायची, आणि तिथे पुढची तारीख घेऊन रात्री परतायचं, हे मी अशिलांबरोबर केलं आहे. त्यामुळे सही करण्याआधी ही ओळ बदलून मागा, असं मी कळकळीने सांगते. सगळेच नाही म्हणत नाहीत.

त्याच्याच शेजारी लवादाचं कलम असतं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खाजगी पंचाकडे (लवादाकडे) न्यायचा अशी अट. ते असेल तर दावा कोर्टात लावला तरी निर्माता पहिल्याच तारखेला "हे लवादाकडे पाठवा" म्हणतो, आणि तसंच होतं. अमेरिकेत चार्ली शीन यांनाही हाच अनुभव आला. २०११ मध्ये 'टू अँड अ हाफ मेन'मधून काढल्यावर त्यांनी निर्मात्यांवर १० कोटी डॉलरचा दावा लावला, न्यायाधीशांनी तो लवादाकडे पाठवला आणि त्याच वर्षी तडजोड झाली. लवाद नेमण्याबद्दल मात्र एक चांगली गोष्ट आहे. "निर्माता नेमेल तोच एकमेव लवाद" अशी अट असेल तर ती मुकाट्याने मानायची गरज नाही. ज्याचा निकालात हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. अशा वेळी उच्च न्यायालयाकडे लवाद मागता येतो. सुनावणी व्हिडिओवर घ्या, अशी विनंती जरूर करा.

काल रात्री फोन आला, "उद्यापासून येऊ नकोस." असं काढता येतं का?

करारात काय आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक करारांत निर्मात्याला कथेच्या गरजेनुसार भूमिका संपवण्याची मोकळीक असते. ट्रॅक संपला, लीप घेतला (कथा काही वर्षं पुढे नेली), टीआरपी आला नाही, कारण काहीही चालतं. पण करारात पंधरा दिवसांची सूचना लिहिली असेल तर ती द्यायलाच हवी, किंवा तेवढ्या दिवसांचे पैसे. आणि तोपर्यंत केलेल्या कामाचे पैसे कोणत्याही कारणाने बुडवता येत नाहीत.

जानेवारी २०२२ मध्ये किरण माने यांना 'मुलगी झाली हो'मधून काढलं गेलं, तेव्हा महाराष्ट्रभर यावर वाद पेटला. राजकीय पोस्टमुळे काढलं, असं त्यांचं म्हणणं. सेटवरच्या वागणुकीमुळे काढलं, असं निर्मात्यांच्या बाजूचं म्हणणं. कोणाचं खरं यात मी पडत नाही. पण त्या वेळी माझ्याकडे आलेल्या चार जणांना मी एकच विचारलं, "तुम्हाला काढण्याचं कारण लेखी मिळालं आहे का?" चौघांनाही मिळालं नव्हतं. फोन आला की त्याच दिवशी ई-मेल टाका : आज इतक्या वाजता मला असं कळवलं गेलं, कृपया कारण आणि हिशोब लेखी द्यावा. उत्तर आलं नाही तरी तुमचा ई-मेल तारखेसह उभा राहतो.

गणेशोत्सवात भूमिकेच्या वेशात सुपारी (पैसे घेऊन हजेरी लावण्याचं काम) घेऊ शकतो का?

चेहरा तुमचा आहे, भूमिका तुमची नाही. हे मनाला पटायला जड जातं, कारण गावात लोक तुम्हाला त्याच नावाने हाक मारतात. पण भूमिकेचं नाव, वेश, ठरलेले संवाद यांवर निर्माता किंवा चॅनल हक्क सांगतं. २०१३ मध्ये सुनील ग्रोव्हर यांनी कपिल शर्मांचा कार्यक्रम सोडला तेव्हा चॅनलने 'गुत्थी' या पात्राच्या वापराविरुद्ध जाहीर नोटीस दिली होती. पुढे ते दुसऱ्या चॅनलवर 'चुटकी' नावाच्या पात्रात आले.

स्वतःच्या नावाने उद्घाटनाला जायचं असेल तरी करारातली परवानगीची ओळ बघा. २०२४ मध्ये पलक सिंधवानी आणि 'तारक मेहता'च्या निर्मात्यांत बाहेरच्या जाहिरातींवरून वाद होऊन नोटिशीपर्यंत प्रकरण गेलं. मेनरोडवरच्या साडीच्या दुकानासाठी केलेली एक रील यात येते का? येऊ शकते. लेखी परवानगी मागा, आणि शक्य असेल तर करारातच "नाशिक जिल्ह्यातील सार्वजनिक कार्यक्रमांना मुभा" असं लिहून घ्या. एका मुलाला ते मिळालं आहे.

मालिका पुन्हा दाखवतात, ओटीटीवर आहे. मला काही मिळतं का?

कागदावर हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात व्यापारी वापरासाठी कलाकाराला रॉयल्टीचा अधिकार दिला आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. प्रत्यक्षात मालिकेतल्या अभिनेत्यांच्या हातात ती क्वचितच पडते. करारात या ओळीवर सही करून सगळं देऊन टाकू नका, आज एवढंच सांगता येईल.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याचा करार कोण करतो?

पालक. अल्पवयीनाने केलेला करार शून्य, हे १९०३ पासून ठरलेलं आहे. त्यामुळे मुलावर दंड लादता येत नाही, पण पालकांनी स्वतः हमी दिली असेल तर प्रश्न त्यांच्यापर्यंत येतो.

बालकामगारविषयक कायद्याच्या २०१७ च्या नियमांत बरंच काही आहे आणि ते वाचून पालक नेहमी चकित होतात. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त शूटिंग नाही. शाळा बुडता कामा नये. शूटिंग जिथे होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने काढायची, म्हणजे सेट ठाण्यात असेल तर ठाण्याची. आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत ठेवायचे. ही पावती मागा. मुलगा अठराचा होईल तेव्हा ती त्याला लागेल, आणि घरात पैशांची निकड आली तरी तिला हात लावायचा नाही, हे पालकांनीही ध्यानात ठेवावं.

सेटवर त्रास होतो आहे. बोलले तर काम जाईल.

लैंगिक छळ असेल तर २०१३ चा कायदा कामाच्या जागी असलेल्या प्रत्येक स्त्रीला लागू आहे, कॉन्ट्रॅक्ट असो वा नसो, मेकअप दीदी असो वा नायिका. निर्मिती संस्थेत अंतर्गत समिती नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रारीची मुदत तीन महिने. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळते. तक्रारदाराचं नाव उघड करायला मनाई आहे. पैशांचा वाद आणि हा वाद एकाच पत्रात मिसळू नका. दोन वेगळे अर्ज करा, नाहीतर समोरचा म्हणतो की पैशांसाठी आरोप केला.

फेसबुकवर सगळं लिहून टाकू का?

आधी वकिलाला दाखवा. करारात गोपनीयतेचं कलम असतं, आणि नाव घेऊन केलेल्या आरोपावर अब्रुनुकसानीचा दावा येतो. तारखा आणि घडलेल्या गोष्टी एवढंच लिहिलं तर धोका कमी. रात्री एक वाजता लिहिलेलं सकाळी पुन्हा वाचूनच टाका.

वकिलाची फी परवडत नाही.

न्यायालयाच्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. मालिकेत दिसते म्हणजे पैसेवाली असणार, असं समजून काही मुली तिथे जायला लाजतात. लाजू नका. पडद्यावरचे दागिने कॉश्च्युम विभागाचे असतात, हे तिथल्या सगळ्यांना माहीत आहे.

कॉन्ट्रॅक्ट तीस पानांचं इंग्रजीत आहे, लूक टेस्टच्या दिवशीच सही मागतात. काय करू?

घरी नेऊन वाचायला दोन दिवस मागा. "चॅनलची घाई आहे" असं म्हणतील. तरी मागा. नाशिकहून येतो, वडिलांना दाखवतो, असं सांगितलं तर सहसा कोणी अडवत नाही. मराठीत करार मागायलाही कायद्याची आडकाठी नाही. तो मिळाला नाही तर निदान मराठीत एक पानाचं टिपण मागा, ज्यात पर डे, महिन्याला हमी दिलेले दिवस, कामाचे तास, सूचनेची मुदत आणि प्रवासखर्च एवढं असेल.

दोन्ही बाजूंच्या सह्या झालेली प्रत तिथल्या तिथे घ्या. "साहेबांची सही झाली की पाठवतो" म्हणतात आणि ती कधी येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात जणांकडे स्वतःच्या कराराची प्रतच नसते. निघताना निदान मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा, मागच्या कोऱ्या बाजूचासुद्धा, कारण हाताने लिहिलेल्या अटी तिथेच असतात.

आणि येताना वही आणा.